स्वस्त गोळी म्हणजे हलकी गोळी नव्हे : स्किझोफ्रेनियावरील जुन्या औषधांची ओळख

वस्तीपातळीवर मानसिक आरोग्याचे काम करताना आम्हाला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "सरकारी दवाखान्यात जुन्या गोळ्या देतात, खाजगी डॉक्टर नव्या देतात. आम्ही गरीब म्हणून आमच्या पोराला जुन्यावर भागवतात का?" हा प्रश्न विचारणारी माणसे अडाणी नसतात. शाळा, नोकरी, पाणी, रस्ता, प्रत्येक बाबतीत उरलेसुरले आपल्या वाट्याला येते, हा अनुभव त्यांच्या गाठीशी असतो. मग औषधाच्या बाबतीतही तसेच होत असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. या शंकेला "डॉक्टर सांगतात ते ऐका" एवढे उत्तर पुरत नाही. ही जुनी औषधे कोणती, ती एकमेकांपेक्षा वेगळी कशी, नव्यांच्या तुलनेत ती कुठे बसतात आणि घरच्यांनी काय ओळखायला हवे, हे नीट समजून घेतले पाहिजे.

आम्ही डॉक्टर नाही, समाजकार्यकर्ते आहोत. कोणाला कोणते औषध आणि किती, हे मानसोपचारतज्ज्ञच ठरवतील. परंतु घरात गोळी हातावर ठेवणारी आई, बहीण किंवा बायको असते. तिला त्या गोळीची माहिती असणे हा तिचा आणि रुग्णाचा हक्क आहे.

आजार कोणता?

स्किझोफ्रेनियाला मराठीत छिन्नमनस्कता असेही म्हणतात. समोर कोणी नसताना आवाज ऐकू येणे, कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे किंवा जेवणात काही कालवले आहे असा पक्का संशय येणे, बोलण्यातील संगती सुटणे ही या आजाराची ठळक लक्षणे. दुसऱ्या बाजूला माणूस गप्प होतो, अंघोळ-कपड्यांकडे लक्ष देत नाही, कामात आणि माणसांत त्याचे मन लागत नाही. बहुतेकदा हा आजार ऐन तारुण्यात सुरू होतो. तो बाहेरची बाधा नाही, करणी नाही, संगोपनातला दोष नाही आणि मागच्या कोणत्या पापाची शिक्षाही नाही. मेंदूच्या कामकाजाशी, आनुवंशिकतेशी आणि जगण्यातील ताणाशी त्याचा संबंध आहे.

औषधे आवाज आणि संशय यांच्यावर चांगली चालतात. गप्पपणा आणि निरुत्साह यांच्यावर ती कमी चालतात. ही मर्यादा जुन्या औषधांना आहे आणि बहुतांश नव्या औषधांनाही आहे. म्हणून "गोळी चालू आहे तरी कामाला का जात नाही" असा राग रुग्णावर काढणे बरोबर नाही.

ही औषधे आली कुठून?

१९५० पूर्वी या आजारावर परिणामकारक औषध जवळजवळ नव्हते. कोंडून ठेवणे, बांधून ठेवणे, थंड पाण्यात बसवणे, इन्सुलिन देऊन बेशुद्ध करणे असे उपाय जगभरच्या मनोरुग्णालयांत चालत.

आपल्याकडे सर्पगंधा ही वनस्पती पूर्वापार माहीत होती. गणपती सेन आणि कार्तिकचंद्र बोस या बंगालमधील दोन डॉक्टरांनी १९३१ साली तिचा उपयोग तीव्र मनोविकारात आणि उच्च रक्तदाबात होतो, असे निबंध लिहून मांडले. पुढे १९५२ मध्ये याच वनस्पतीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि काही वर्षे ते स्किझोफ्रेनियासाठी वापरलेही गेले. रक्तदाब फार उतरणे आणि मन खचणे अशा त्रासांमुळे ते मागे पडले.

खरा बदल फ्रान्समध्ये झाला. १९५० च्या डिसेंबरमध्ये तेथील एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत क्लोरप्रोमाझिन तयार झाले. आंरी लाबोरी हे शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेच्या वेळचा धक्का कमी करणारे औषध शोधत होते. हे औषध घेतलेला रुग्ण जागा असतो पण आजूबाजूच्या गोष्टींबाबत शांत होतो, हे त्यांच्या लक्षात आले. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात झाँ देले आणि पियेर देनिकेर यांनी ते मनोरुग्णांना दिले आणि गुंगी आणण्यापलीकडे ते भास आणि संशयही कमी करते हे दाखवले. त्यानंतर १९५८ मध्ये बेल्जियममध्ये पॉल यान्सन यांच्या प्रयोगशाळेत हॅलोपेरिडॉल तयार झाले. ट्रायफ्लुओपेराझिन, फ्लुफेनाझिन, परफेनाझिन, थायोरिडाझिन ही औषधेही त्याच काळातली. या सगळ्यांना मिळून पहिल्या पिढीची औषधे म्हणतात. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, ॲरिपिप्राझोल ही नंतर आलेली दुसऱ्या पिढीची औषधे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ मध्ये अत्यावश्यक औषधांची पहिली यादी केली, तेव्हा क्लोरप्रोमाझिन, हॅलोपेरिडॉल आणि फ्लुफेनाझिन तिच्यात होती. आजही ती तिथे आहेत. जी औषधे प्रत्येक देशाच्या आरोग्यव्यवस्थेत हाताशी असलीच पाहिजेत, त्यांचीच ही यादी आहे.

ती काम कशी करतात?

मेंदूतील पेशी एकमेकींशी रसायनांमार्फत बोलतात. डोपामिन हे त्यांपैकी एक. आजार बळावलेला असतो तेव्हा मेंदूच्या काही भागात डोपामिनचा जोर वाढलेला असतो. ही सर्व औषधे डोपामिन ज्या रिसेप्टरवर जाऊन बसते, ती जागा अडवतात. दारावर रखवालदार बसवावा तसे हे काम आहे.

मेंदूची छायाचित्रे घेऊन केलेल्या अभ्यासांत असे दिसले की साधारण ६५ टक्के जागा अडवल्या की बहुतेकांना गुण येऊ लागतो. सुमारे ८० टक्क्यांच्या वर जागा अडवल्या की गुण वाढत नाही, मात्र हातापायांचा ताठरपणा आणि थरथर वाढते. कारण शरीराची हालचाल सांभाळणाऱ्या भागालाही डोपामिन लागते. यातून घरच्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. डोस वाढवला की आजार तेवढाच लवकर बरा होतो, हे खरे नाही. स्वतःच्या मनाने एकाच्या दोन गोळ्या करू नयेत.

मिलिग्रॅमचा घोळ

जुन्या औषधांची तुलना करताना सर्वाधिक गैरसमज मिलिग्रॅमवरून होतात. एका घरात रुग्णाला आधी क्लोरप्रोमाझिन १०० मिलिग्रॅमची गोळी होती. डॉक्टरांनी ती बदलून हॅलोपेरिडॉल ५ मिलिग्रॅम लिहून दिली. घरच्यांना वाटले, औषध वीसपट कमी केले, म्हणजे पोरगा बरा होत आला. प्रत्यक्षात औषध वाढले होते.

साधारण हिशेब असा आहे. क्लोरप्रोमाझिन १०० मिलिग्रॅम जेवढे काम करते, तेवढेच काम ट्रायफ्लुओपेराझिन सुमारे ५ मिलिग्रॅममध्ये, तर हॅलोपेरिडॉल किंवा फ्लुफेनाझिन सुमारे २ मिलिग्रॅममध्ये करते. हा आकडा अंदाजाचा आहे, घरी गोळ्या बदलण्यासाठी नाही. मोठा आकडा म्हणजे जोरदार औषध आणि लहान आकडा म्हणजे सौम्य औषध, असे नसते, एवढेच यातून समजून घ्यायचे.

मग फरक कशात?

अमेरिकेत १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या सरकारी अभ्यासात क्लोरप्रोमाझिन, फ्लुफेनाझिन आणि थायोरिडाझिन या तीन औषधांची तुलना औषध नसलेल्या गोळीशी केली होती. तिन्ही औषधे त्या गोळीपेक्षा स्पष्टपणे सरस ठरली. परंतु तिघांत आपापसात मोठा फरक आढळला नाही. क्लोरप्रोमाझिन आणि हॅलोपेरिडॉल यांची थेट तुलना करणाऱ्या चाचण्या लहान आहेत आणि त्यांचा दर्जाही फारसा चांगला नाही. त्यांतही गुणाच्या बाबतीत ठोस फरक दिसत नाही. योग्य डोसमध्ये दिलेली जुनी औषधे आजारावर साधारण सारखीच चालतात. ती वेगळी पडतात ती त्रासाच्या बाबतीत.

क्लोरप्रोमाझिन : याने झोप आणि सुस्ती जास्त येते. म्हणून ते बऱ्याचदा रात्री देतात. झोपेतून एकदम उठल्यावर रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते, तेव्हा आधी अंथरुणावर बसून मग उभे राहावे. तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता, वजन वाढणे हे त्रास यात आढळतात. क्वचित कावीळ होते. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. या औषधाने त्वचा उन्हाला नाजूक होते. शेतात, बांधकामावर किंवा हातगाडीवर दिवसभर उन्हात असणाऱ्याची कातडी लवकर भाजते, काळवंडते. असे काम करणाऱ्याने ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे आणि टोपी, उपरणे, पूर्ण बाह्यांचा सदरा वापरावा. ताठरपणा आणि थरथर मात्र यात तुलनेने कमी असते.

हॅलोपेरिडॉल : याचा स्वभाव नेमका उलटा. झोप कमी येते, रक्तदाब फारसा उतरत नाही. रुग्ण फार आक्रमक किंवा अस्वस्थ असताना याचे इंजेक्शन देता येते. पण स्नायू आखडणे, थरथर, अस्वस्थपणे येरझाऱ्या घालणे हे त्रास यात सर्वांत जास्त. तरुण पुरुषांमध्ये तर पहिल्या काही दिवसांतच स्नायू आखडण्याची शक्यता असते.

ट्रायफ्लुओपेराझिन : याचाही कल हॅलोपेरिडॉलकडे, म्हणजे झोप कमी आणि ताठरपणा जास्त. आपल्या देशात ते बऱ्याचदा ट्रायहेक्सिफेनिडिल या थरथर कमी करणाऱ्या औषधासोबत एकाच गोळीत मिळते. काही गोळ्यांत क्लोरप्रोमाझिनही मिसळलेले असते. अशा मिश्र गोळीत एकाच औषधाचे प्रमाण वेगळे कमी-जास्त करता येत नाही, म्हणून आपल्या गोळीत नेमके काय काय आहे हे विचारून घ्यावे.

फ्लुफेनाझिनचे इंजेक्शन : हे औषध तिळाच्या तेलात विरघळवून कमरेच्या स्नायूत टोचतात. तेलातून ते हळूहळू रक्तात उतरते, त्यामुळे एक इंजेक्शन साधारण दोन ते चार आठवडे पुरते. हॅलोपेरिडॉलचेही असे इंजेक्शन मिळते आणि ते महिन्यातून एकदा देतात. रोज गोळीवरून घरात होणारी भांडणे यामुळे थांबतात. पण एकदा टोचलेले औषध काढून घेता येत नाही. त्रास झाला तर तोही अनेक दिवस राहतो. म्हणून आधी तेच औषध गोळीच्या रूपात किंवा कमी मात्रेत सोसते का, हे पाहण्याची पद्धत आहे. हे इंजेक्शन रुग्णाला न सांगता, फसवून देऊ नये. "ताकदीचे इंजेक्शन आहे" असे सांगून दिलेले औषध ज्या दिवशी उघड होते, त्या दिवशी रुग्णाचा घरच्यांवरचा आणि डॉक्टरवरचा विश्वास एकाच वेळी जातो.

थायोरिडाझिन : हृदयाच्या ठोक्यांत गंभीर बिघाड होऊ शकतो हे स्पष्ट झाल्यावर मूळ उत्पादक कंपनीने २००५ मध्ये हे औषध जगभरातून मागे घेतले. घरात वर्षानुवर्षांची जुनी चिठ्ठी असेल आणि तिच्यावर हे नाव असेल, तर त्या चिठ्ठीवर औषध न घेता डॉक्टरांना दाखवावी.

हे ओळखा, मांत्रिकाकडे जाऊ नका

औषध चालू केल्यावर तीन-चार दिवसांत एखाद्या तरुणाची मान एका बाजूला वळते, जबडा आवळतो, जीभ बाहेर येते, डोळे वर जाऊन तिथेच अडकतात. हे दृश्य पाहून घरचे घाबरतात. शेजारची माणसे म्हणतात, "बघा, गोळीने आतलं खवळलं." मग गोळ्या फेकून दिल्या जातात आणि देवऋषी, भगत, दर्गा, ठाणे अशी पायपीट सुरू होते. आमच्या कामात आम्ही हे एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. काही ठिकाणी रुग्णाला झाडूने, पट्ट्याने मारहाण झाली. भूत उतरवण्याच्या नावाखाली अशी मारहाण करणे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

या प्रकाराला वैद्यकीय भाषेत डिस्टोनिया म्हणतात. तो औषधाचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे आणि योग्य इंजेक्शन दिल्यावर बहुधा अर्ध्या तासाच्या आत उतरतो. रुग्णाला जवळच्या दवाखान्यात न्या, चालू असलेल्या गोळीचे पाकीट सोबत घ्या आणि ते डॉक्टरांना दाखवा. घसा आवळला असेल, श्वास घ्यायला त्रास होत असेल तर एक मिनिटही घालवू नका.

दुसरा त्रास येरझाऱ्यांचा. रुग्णाला एका जागी बसवत नाही. तो उठतो, बसतो, पाय हलवत राहतो, रात्री घरभर फिरतो. घरच्यांना वाटते आजार वाढला. ते डॉक्टरांना सांगतात, "चिडचिड वाढली, गोळी वाढवून द्या." कधीकधी गोळी वाढतेही आणि त्रास आणखी वाढतो. याला अकथिसिया म्हणतात. रुग्णाला एक साधा प्रश्न विचारावा : "तुला फिरावेसे वाटते, की पायांतून काहीतरी होते म्हणून बसवत नाही?" त्याने दुसरे उत्तर दिले तर डॉक्टरांना तसेच्या तसे सांगावे. डोस कमी करून किंवा औषध बदलून हा त्रास आटोक्यात येतो. तो असह्य झाल्याने रुग्णाच्या मनात आत्महत्येचे विचारही येऊ शकतात, म्हणून याकडे दुर्लक्ष नको.

तिसरा त्रास ताठरपणाचा. चेहरा मख्ख दिसतो, चाल संथ होते, हात थरथरतात, तोंडातून लाळ गळते. यासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल देतात. ते उपयोगी आहे, पण त्याने तोंड कोरडे पडते, शौचास कडक होते, विसरभोळेपणा येतो आणि घाम कमी येतो. घाम कमी आला की अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. मानसिक आजारावरची औषधेही शरीराचे तापमान सांभाळण्याची क्षमता कमी करतात. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात ही दोन्ही औषधे घेणाऱ्याला उष्माघाताचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. दुपारी उन्हात काम नको, पाणी जवळ हवे.

चौथा त्रास उशिरा येतो. महिने किंवा वर्षे औषध घेतल्यानंतर ओठ चावल्यासारखी, जीभ फिरवल्यासारखी, गाल हलवल्यासारखी हालचाल आपोआप होऊ लागते. याला टार्डिव्ह डिस्किनेसिया म्हणतात. जुन्या औषधांवर असलेल्या प्रौढ रुग्णांमध्ये दरवर्षी साधारण १०० पैकी ५ जणांत तो नव्याने दिसतो. वयस्करांत आणि विशेषतः वृद्ध स्त्रियांत धोका अधिक. नव्या औषधांत तो कमी आहे, पण शून्य नाही. काही वेळा तो औषध थांबवल्यावरही जात नाही. ट्रायहेक्सिफेनिडिलने तो बरा होत नाही, उलट वाढू शकतो. जुन्या औषधांची खरी मोठी उणीव हीच आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. दर काही महिन्यांनी डॉक्टरांनी रुग्णाला तोंड उघडायला, जीभ बाहेर काढायला, हात पुढे करायला सांगून तपासणे यासाठीच आवश्यक आहे.

स्त्रियांविषयी वेगळे सांगायला हवे. या औषधांनी प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढते. पाळी चुकते, बंद होते, कधी स्तनांतून दूध येते. अविवाहित मुलीच्या बाबतीत घरात नको ते संशय घेतले जातात आणि तिला मार बसतो. पाळी चुकण्याचे कारण औषध असू शकते, हे आईला आधीच सांगितले तर एका मुलीचा अपमान टळतो. दुसरीकडे, गर्भ राहण्याची शक्यता असेल तर तपासणी करून डॉक्टरांशी बोलावे. औषध स्वतःहून बंद करू नये. पुरुषांतही लैंगिक इच्छा कमी होते. लाजेपायी ते काही बोलत नाहीत, गुपचूप गोळी सोडतात.

आणि एक तातडीची खूण. खूप ताप, अंग लाकडासारखे ताठ, भरपूर घाम आणि शुद्ध हरपत जाणे ही लक्षणे एकत्र दिसली तर तो प्राणघातक दुष्परिणाम असू शकतो. तो क्वचित होतो, पण कोणत्याही औषधाने होऊ शकतो. पुढची गोळी न देता सरळ मोठ्या रुग्णालयात न्यावे.

नवी औषधे खरोखर जास्त चांगली आहेत का?

नव्वदच्या दशकात नवी औषधे आली तेव्हा ती सर्वच बाबतीत सरस आहेत असा गाजावाजा झाला. पुढे लक्षात आले की अनेक चाचण्यांत नव्या औषधाची तुलना हॅलोपेरिडॉलच्या मोठ्या डोसशी केलेली होती. मोठ्या डोसमुळे जुन्याचा त्रास जास्त दिसला आणि नवे सरस ठरले.

मग अमेरिकन सरकारच्या पैशातून 'केटी' नावाचा अभ्यास झाला. त्याचे पहिले निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे १,५०० रुग्णांना परफेनाझिन हे एक जुने औषध किंवा चार नव्यांपैकी एक औषध मध्यम डोसमध्ये दिले गेले. अठरा महिन्यांत एकूण ७४ टक्के रुग्णांचे दिलेले औषध या ना त्या कारणाने बंद झाले. ओलान्झापिन घेणाऱ्यांत हे प्रमाण ६४ टक्के म्हणजे सर्वांत कमी होते, पण त्यात वजन आणि साखर सर्वाधिक वाढली. जुने परफेनाझिन ७५ टक्क्यांवर, म्हणजे बाकीच्या नव्या औषधांच्या बरोबरीने राहिले. ब्रिटनमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या 'कटलास' या अभ्यासातही जुन्या औषधांवरील रुग्णांचे जीवनमान वर्षभरात नव्यांवरील रुग्णांपेक्षा खालावलेले आढळले नाही.

म्हणजे निवड अशी आहे : जुन्यांत हालचालींचे त्रास अधिक, तर नव्यांपैकी काहींत वजन, साखर आणि चरबी अधिक. घरात मधुमेह असेल तर ओलान्झापिनचा विचार जपून करावा लागतो. ओठ-जिभेची हालचाल सुरू झाली असेल तर हॅलोपेरिडॉल चालू ठेवण्याबद्दल फेरविचार करावा लागतो. दिवसभर यंत्रावर उभे राहणाऱ्याला क्लोरप्रोमाझिनची सुस्ती परवडत नाही. रात्र रात्र न झोपणाऱ्याला तीच सुस्ती सुरुवातीला उपयोगी पडते. सर्वांसाठी चांगले असे एक औषध नाही. जे या माणसाला सोसते, जे त्याला परवडते आणि जे तो नियमित घेईल, ते त्याच्यासाठी चांगले.

एक औषध मात्र गुणाच्या बाबतीत वेगळे आहे, क्लोझापिन. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात, आधीच्या औषधांनी गुण न आलेल्या रुग्णांपैकी क्लोझापिनने ३० टक्क्यांना, तर क्लोरप्रोमाझिनने फक्त ४ टक्क्यांना सहा आठवड्यांत फरक पडला. क्लोझापिनने रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतात. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये यामुळे मृत्यू झाले होते. म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्ततपासणी करावी लागते. दोन वेगवेगळी औषधे, पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे घेऊनही आवाज थांबत नसतील, तर कुटुंबाने "क्लोझापिनचा विचार करता येईल का?" असे विचारावे.

बंद केल्यावर काय होते?

"आता बरा झाला, गोळ्या कशाला?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. २०१२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांचा आजार वर्षभरात उलटला. औषध थांबवून नुसती गोळी दिलेल्यांत हे प्रमाण ६४ टक्के होते. याचे दोन्ही अर्थ लक्षात घ्यावेत. औषध घेऊनही काहींचा आजार उलटतो, तेव्हा "गोळी चुकवली असशील" असा आरोप लगेच करू नये. आणि औषध थांबवल्यावर उलटण्याचा धोका दुपटीहून जास्त होतो. कमी करायचेच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अनेक महिने लावून, हळूहळू करावे.

भेदभाव नेमका कुठे आहे?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. गरिबाला जुनी गोळी दिली म्हणजे हलके औषध दिले, असे म्हणता येत नाही. पण म्हणून भेदभाव नाहीच, असेही नाही. तो दुसरीकडे आहे. गर्दीच्या ओपीडीत रुग्णाला मिळणारी दोन मिनिटे हा भेदभाव आहे. दुष्परिणाम न सांगता हातात दिलेली पुडी हा भेदभाव आहे. जीभ बाहेर काढायला सांगून कोणी तपासत नाही, रक्तदाब-वजन-साखर कोणी मोजत नाही. औषध संपले म्हणून "पुढच्या महिन्यात या" असे सांगितले जाते आणि त्या महिन्यात माणूस पुन्हा आजारी पडतो. पैसेवाल्याला तीच जुनी गोळी दिली तरी तिच्यासोबत वेळ, माहिती आणि तपासणी मिळते. आपल्याला बऱ्याचदा नुसती गोळी मिळते.

यावर कायद्याचा आधार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार सरकारी खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्य सेवेचा प्रत्येकाला हक्क आहे. अत्यावश्यक यादीतील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सरकारी रुग्णालयांत मोफत मिळायला हवीत. आजार कोणता, उपचार कोणते आणि त्यांचे दुष्परिणाम कोणते, हे समजेल अशा भाषेत जाणून घेण्याचा हक्क रुग्णाला आहे. साखळीने बांधून ठेवण्यास कायद्याने बंदी आहे. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये तसेच जिल्हा रुग्णालयांतील मानसिक आरोग्य कार्यक्रम ही आपल्या हक्काची ठिकाणे आहेत. घरबसल्या सल्ल्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना एक वही न्यावी. गोळीचे नाव, मिलिग्रॅम आणि सुरू केल्याची तारीख तिच्यात लिहावी. झोप, चालणे, थरथर, पाळी, वजन यांतील बदल लिहावेत. आणि चार प्रश्न विचारावेत : हे औषध कोणते आहे? यात काय त्रास होऊ शकतो? त्रास झाला तर कुठे यायचे? हे औषध पुढच्या महिन्यात इथे मिळेल का? हे प्रश्न शक्यतो रुग्णाला स्वतःला विचारू द्यावेत, कारण गोळी त्याच्या शरीरात जाते. रांग कितीही मोठी असली तरी या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये.